मेट्रनबाईंची भिंत

मेट्रनबाईंनी मला खोली देण्याआधी माझी जीभ बघितली होती.

मी निफाडहून नाशिकला नोकरीला आले होते, अंबडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका जुन्या बंगल्यात मागची खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून बॅग घेऊनच जाऊन धडकले. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या एका ताठ बाईंनी. पांढरी साडी, आणि खांद्याखाली पिनेनं उलटं टांगलेलं छोटं घड्याळ. नमस्कार-चमत्कार काही नाही. "जीभ दाखव," म्हणाल्या. मी घाबरून दाखवली. मग त्यांनी माझी खालची पापणी ओढून बघितली, मनगट धरलं आणि घड्याळाकडे नजर लावून गप्प उभ्या राहिल्या. रस्त्यानं जाणारा एक माणूस थांबून आमच्याकडे बघायला लागला.

"रक्त कमी आहे. पालेभाजी खात जा," त्यांनी निकाल दिला. "खोली मागं आहे. पोरं आणलीस तर मला सांगून आण. आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही."

"खोलीच्या?"

"खोलीच्या ठोक हवे तेवढे. बागेच्या नाही."

सरकारी दवाखान्यात मेट्रन म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. सगळा परिसर त्यांना मेट्रनबाई म्हणायचा आणि त्यांच्या समोर आला की उगाचच सरळ उभा राहायचा. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. मी तिथं चांगली पाच-सहा वर्षं काढली. त्या काळात मला साधी सर्दी झाली तरी मी शिंक दाबून धरायचे, कारण शिंक ऐकू गेली की काढ्याचं भांडं दारात हजर व्हायचं. तो काढा प्यायला की सर्दी परवडली असं वाटायचं.

आता भिंतीचं सांगते, कारण भिंतीशिवाय बाई सांगताच येणार नाहीत.

बंगला मोठ्या रस्त्यावर. त्याच्या मागं लांबलचक बाग. बागेच्या शेवटाला ही विटांची भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे एक अरुंद गल्ली, जिच्यात दहा-बारा घरं. दोन बोटं जाडीच्या जुन्या विटा, मध्ये चुन्याचे जाड थर, माथ्याला दोन्हीकडे उतार, आणि मध्येमध्ये दिवा ठेवण्यापुरते कोनाडे. एका ठिकाणी पूर्वी दार होतं, ते कधीतरी विटांनी बुजवलेलं. बस, एवढंच. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या मनात आलं, हिच्यासाठी एवढा थाट?

पूर्वी तिथून थेट गोदावरीच्या काठापर्यंत कुणाची तरी बाग होती आणि ही भिंत तिचा उरलेला तुकडा. लोक म्हणायचे, पेशवाईतल्या कुणा सरदाराची. बाईंना ते अजिबात आवडायचं नाही. "सरदारानं एक वीट तरी उचलली असेल का?" त्या म्हणायच्या. "ज्यानं बांधली त्याला झाडांची माया होती. एवढं दिसतंय, पुरे झालं."

बाई पहाटे उठून भिंतीचा राऊंड घ्यायच्या. हा त्यांचाच शब्द. भिंतीचे त्यांनी मनातल्या मनात भाग पाडले होते आणि प्रत्येक भाग म्हणजे एक बेड. बोटाच्या पेरानं विटा ठोकत, तळहात लावत त्या टोकापर्यंत जायच्या आणि परत येताना चहा पिणाऱ्या मला बातम्या द्यायच्या. "चार नंबरला ओल आहे." "सहा नंबर रात्री शांत झोपला." सुरुवातीला मला वाटलं, म्हातारपणाचा परिणाम. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींना मी हे अभिनयासह करून दाखवायचे. मग एका सुट्टीच्या दिवशी बाईंनी माझ्या हातात दवाखान्यातला तो किडनीच्या आकाराचा स्टीलचा ट्रे दिला. त्यात भिजवून मुरवलेला चुना होता, लोण्यासारखा. "धर. ड्रेसिंग करायचंय." सांध्यातली माती त्यांनी चमच्यानं हळूहळू उकरली, पाणी शिंपडलं, चुना भरला आणि वर ओलं गोणपाट लावलं. हे सगळं करताना त्या भिंतीशी बोलत नव्हत्या, याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

सिमेंटचं नाव काढलं की मात्र त्यांचा पारा चढायचा. त्यांच्या वडिलांनी ही जागा घेतली तेव्हा भिंतीचा एक भाग जरा झिजला होता. वडिलांनी मोठ्या हौसेनं त्याला सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर रंग दिला. छान दिसला म्हणे. काही वर्षांनी गिलावा फुगला, आणि काढून बघतात तर आतल्या विटांचा भुगा. ओल आत अडकली होती, तिला बाहेर पडायला वाट नव्हती. हा तो नऊ नंबरचा बेड. "जखमेवर घट्ट पट्टी बांधून विसरून गेलं की काय होतं? तेच," बाई सांगायच्या. "प्रेमानं केलं हो त्यांनी. प्रेमानं केलेलं निस्तरायला जास्त वेळ लागतो." नऊ नंबरला त्या उरलेलं आयुष्य चुना भरत होत्या.

गल्लीच्या बाजूनं भिंतीची वेगळीच कथा होती. ती बाजू उत्तरेची, तिच्यावर ऊन नाही. शेवाळ, पानाच्या पिचकाऱ्या, आणि आडोसा बघून उभे राहणारे लोक. गल्लीत दशरथकाका म्हणून एक एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ राहायचे, ते बाईंच्या पक्षाचे. त्यांनी सुचवलं, देवाच्या टाइल्स लावू, मग कुणाची हिंमत होणार नाही.

"देवाला मुतारीच्या ड्युटीवर लावायचं?" बाई म्हणाल्या. "काही नको. मी बघते."

त्यांचा उपाय असा होता. पलीकडे कुणी उभं राहिल्याची चाहूल लागली की बाई बागेतून, भिंतीच्या अलीकडून, दवाखान्याच्या वॉर्डभर जाईल अशा आवाजात विचारायच्या, "जळजळ होते का?" पलीकडे एकदम शांतता. "धार सलग येते की थांबून थांबून?" मग पळणाऱ्या चपलांचा आवाज. गल्लीतली पोरं हसून हसून लोळायची. एक जण मात्र पळाला नाही. "होते ना बाई, लय दिवस झाले," असं तो पलीकडून कळवळून म्हणाला. बाईंनी त्याला पुढच्या दारानं बोलावून घेतलं, चिठ्ठी देऊन दवाखान्यात धाडलं, आणि बरा झाल्यावर तो पेढे घेऊन आला.

भिंतीचं खरं काम काय होतं ते मला माझ्या वडिलांमुळे कळलं. निफाडची थंडी ज्यांनी खाल्लीय त्यांना सांगायला नको. आमची द्राक्षबाग आहे, आणि कडाका पडला की आम्ही बागेत जागोजागी शेकोट्या करतो, नाहीतर मणी तडकतात. वडील जानेवारीत मला भेटायला आले. संध्याकाळची वेळ, वारं बोचरं. बाई त्यांना म्हणाल्या, "पाठ टेका."

"आं?"

"भिंतीला पाठ टेका. बोलू नका थोडा वेळ."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी टोपी नीट केली आणि टेकले. भिंतीचं आमच्या बाजूचं अंग दक्षिणेकडे. दिवसभर भिंत ऊन पीत उभी असायची आणि अंधार पडला की हळूहळू ते सोडायची. वडील डोळे मिटून उभे राहिले ते हलेचनात.

"आयला," ते शेवटी म्हणाले. "आम्ही धूर करून मरतो आन् हिनं बिनधुराची शेकोटी करून ठेवलीय. लय डोक्याचा मानूस व्हता ज्यानं बांधली तो."

भिंतीच्या कडेनं बाईंचं अंजीर होतं आणि एक जुना द्राक्षाचा वेल. वडिलांनी त्याचा मणी तोंडात टाकला आणि त्यांचा चेहराच बदलला. आमच्या बागेत अजून साखर भरली नव्हती. बाई त्या दिवशी इतक्या खूश झाल्या की त्यांनी वडिलांची जीभ न बघताच त्यांना जेवायला वाढलं.

एवढं सगळं छान चाललं असताना गल्लीत ती घटना घडली.

गल्ली मुळातच अरुंद, आणि दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. गल्लीच्या सोसायटीचे सेक्रेटरी भिंतीच्या बरोबर समोरच्या घरात राहायचे, पन्नाशीचे, विमा कंपनीत नोकरी करणारे, स्वभावानं तापट पण सरळ. एका सकाळी त्यांच्या आईला श्वास लागला. अॅम्ब्युलन्स आली, पण गल्लीच्या तोंडाशीच अडकली. गाड्या हलवायच्या तर कुणाची चावी सापडेना, कुणी घरात नाही. शेवटी ब्लँकेटमध्ये घालून चौघांनी म्हातारीला बाहेर नेलं. बाईंना कळल्याबरोबर त्या मोठ्या रस्त्यानं वळसा घालून धावत गेल्या आणि तिच्याबरोबर अॅम्ब्युलन्समध्ये चढल्या. त्या दुपारी परत आल्या तेव्हा मी विचारायची गरज पडली नाही.

तेराव्यानंतर सेक्रेटरींनी महापालिकेत अर्ज दिला. गल्ली रुंद करा, भिंत काढा, बागेची पट्टी घ्या. गल्लीतल्या जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्या. काही दिवसांनी बाईंच्या दारावर नोटीस चिकटली.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मग जे काही सुरू झालं ते दशरथकाका मला रोज दाखवायचे. कुणी भिंतीला वारसा म्हणत होतं, कुणी उंदरांचं माहेर. सेक्रेटरींनी एकच वाक्य लिहिलं होतं, 'विटा मोठ्या की माणूस?'

मी बाईंच्या बाजूनं तावातावानं बोलायला लागले तर त्यांनी मलाच गप्प केलं. "त्याचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पेशंटपर्यंत पोचता आलं नाही, याच्या पुढं दुसरा मुद्दा नसतो." आणि उठून राऊंडला गेल्या, संध्याकाळची वेळ असूनही. त्या दिवसांत त्या दोनदोनदा राऊंड घ्यायच्या. जेवण कमी झालं होतं. मी एकदा त्यांनाच म्हटलं, जीभ दाखवा. त्यांनी हसून विषय बदलला, पण डोळे काही हसले नाहीत.

आणि मग देव प्रकटला.

सकाळी गल्लीतून गलका ऐकू आला म्हणून आम्ही वळसा घालून गेलो. भिंतीच्या पायथ्याशी शेंदूर फासलेला एक दगड, त्याला झेंडूची माळ, पुढं नारळ. बायका हळदीकुंकू वाहत होत्या. दशरथकाका हात जोडून उभे, चेहरा अगदी निरागस, फक्त नखांत शेंदूर राहून गेलेला.

"बाई, प्रकटला हो!" ते म्हणाले. मग माझ्याजवळ सरकून हळूच, "आता कोण हात लावतो भिंतीला ते बघतोच."

आणि ते खरंच होतं. आपल्याकडे रस्ता वाकडा होतो पण देव हलत नाही. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि भिंत वाचली असती. मला तर आतून हसूच फुटत होतं. सेक्रेटरी त्यांच्या दारात उभे होते, चेहरा पडलेला. बोलणार काय? देवाच्या विरोधात बोलायची सोय नव्हती.

बाईंनी दगडाकडे बघितलं, मग सेक्रेटरींकडे. तडक घरी गेल्या. अंघोळ करून, रेशमी साडी नेसून, हातात तांब्याचं ताम्हन घेऊन परत आल्या. दगडासमोर वाकून नमस्कार केला.

"देवा, इथं तुझी सोय नाही," त्या म्हणाल्या. "घरी चल."

"बाई, अहो, देव हलवू नये!" कुणीतरी ओरडलं.

"हलवायचं कसं ते मला नका शिकवू. जन्म गेलाय त्यात."

त्यांनी दगड दोन्ही हातांनी, मानेखाली हात घालून लहान मूल उचलावं तसा उचलला आणि ताम्हनात ठेवला. मग सगळ्या गल्लीला म्हणाल्या, "या माझ्याकडे. आरती करू, शिरा करते." आणि निघाल्या. गल्लीतली माणसं घटकाभर घुटमळली आणि मग मागोमाग चालायला लागली, कारण देव पुढं चालला होता आणि शिऱ्याचं आमंत्रण होतं. त्या दिवशी आमच्या घरात जोरदार आरती झाली. देव बाईंच्या देवघरात बसला आणि मला रव्याची पिशवी आणायला तीनदा दुकानात पळावं लागलं.

सगळे गेल्यावर दशरथकाका रडवेले होऊन म्हणाले, "तुमच्यासाठी केलं ना बाई मी."

"माहीत आहे मला. पण काका, सहा महिन्यांत त्यावर पत्रा आला असता, मग फरशी, मग स्पीकर. भिंत उभी राहिली असती, पण तिची एक वीट दिसली नसती. आणि उद्या कुणाचा श्वास अडकला तर? देवाच्या नावानं रस्ता अडवून मी झोपू शकेन का?"

काकांनी मान खाली घातली. बाईंनी त्यांना आणखी थोडा शिरा वाढला.

पुढं पालिकेचे साहेब पाहणीला आले, सोबत जुन्या वास्तूंचं काम बघणारे एक अधिकारी. तरुण, भला माणूस, पण भिंतीसमोर उभा राहून गोंधळलेला. "बाई, वारसा म्हणायचं तर काहीतरी हवं ना. कुणी बांधली? कुठल्या साली? कुणी मोठं माणूस इथं येऊन गेलं का?"

"माहीत नाही."

"नाव नाही, गाव नाही. मी लिहू काय?"

"बेवारस पेशंट आला तर आम्ही नाव विचारत बसायचो नाही," बाई म्हणाल्या. "आधी बघायचो, जिवंत आहे का. हात लावून बघा."

त्यांनी हात लावला. बाईंनी त्यांना भिंत टोकापर्यंत दाखवली, कोनाडे, माथ्याचा उतार, वेल, नऊ नंबरची जखम, सगळं. तो माणूस शेवटी खरोखर रंगून गेला, पण निघताना खाली बघत म्हणाला, "मी चांगलं लिहीन. पण खरं सांगू? गल्लीत अॅम्ब्युलन्स जात नसेल तर माझ्या लिहिण्याला कुणी विचारणार नाही. आणि विचारूही नये."

"मीही तेच म्हणते," बाई म्हणाल्या. "येत्या रविवारी सकाळी या. आणि अॅम्ब्युलन्स मी आणते."

रविवारपर्यंतच्या दिवसांत बाईंनी काय केलं ते मी बघत होते आणि मला बघवत नव्हतं. बागभर पसरलेले गुलाबांचे वाफे त्यांनी स्वतः उभं राहून खणून काढले. झाडं कुंड्यांत, डब्यांत, फुटक्या बादल्यांत लावून गल्लीतल्या घराघरांत पाठवली. वाफ्यांच्या जागी मुरूम आला. अंजीर आणि वेल भिंतीला बिलगून होते तेवढे राहिले. "बाई, बागच गेली की," मी म्हटलं.

"जाऊ दे. बागेसाठी भिंत होती, आता भिंतीसाठी बाग जाईल," त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. मी पहिल्यांदाच त्यांना घड्याळाशिवाय बघितलं.

रविवारी त्यांनी बंगल्याचं मोठं फाटक सताड उघडलं. गल्लीतल्या एकेका घरी जाऊन सांगितलं, गाड्या माझ्याकडे लावा, आजपासून कायमच्या. लोक आधी कुरकुरले, मग आले. स्कूटर, मोटारी, एक भाजीची हातगाडीसुद्धा. गुलाबांच्या जागेवर सगळी गल्ली येऊन उभी राहिली. आणि गल्ली? गल्ली मोकळी झाल्यावर अचानक गल्लीसारखी दिसायला लागली. पोरं बॅट घेऊन बाहेर पडली.

अॅम्ब्युलन्स चालवत होता तो बाईंच्या दवाखान्यातला जुना ड्रायव्हर, त्यांना बघून सीटवरच ताठ झालेला. सेक्रेटरी गाडीच्या पुढं उलटे चालत होते, हातानं वाट दाखवत. एका बाजूला घरांचे ओटे, दुसऱ्या बाजूला भिंत. वळणावर ड्रायव्हरनं आरसा आत दुमडला. गाडी वळली, सरळ झाली आणि सेक्रेटरींच्या दारासमोर येऊन थांबली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. सेक्रेटरींनी नाही वाजवल्या. ते दाराच्या चौकटीला धरून त्या गाडीकडे बघत राहिले, आणि बाईही टाळ्या न वाजवता त्यांच्या शेजारी जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

अर्ज सेक्रेटरींनीच मागं घेतला. पण गाडी लावून घरी जायला लोकांना मोठ्या रस्त्यानं वळसा पडायला लागला, तेव्हा बाईंनी भिंतीतलं ते बुजवलेलं दार उघडायचं ठरवलं. एकेक वीट हातानं सोडवून घेतली आणि चांगल्या विटा नऊ नंबरला लावल्या. चुना कालवायला दशरथकाका होते, गोणपाट भिजवायला मी.

आज बाई नाहीत. झोपेतच गेल्या, कुणाला काही करायची संधी न देता, जे त्यांना मुळीच पटलं नसतं. भिंत पालिकेच्या वारसा यादीत आली. मी आता कॉलेज रोडला राहते, लग्न, मुलगी, सगळं झालं. मुलीला शिंक आली की मी तिची जीभ बघते आणि माझा नवरा मला हसतो. सिंहस्थासाठी शहर सजवणारे लोक भिंतीवर चित्रं काढायला आले होते म्हणे, तर गल्लीतल्या पोरांनीच त्यांना ऑइलपेंट लावला तर ओल कशी अडकते यावर भाषण दिलं. हे ऐकून मी एकटीच कितीतरी वेळ हसत बसले.

पण मला बाई आठवतात त्या दार उघडल्यानंतरच्या पहिल्या थंडीतल्या.

जानेवारीची संध्याकाळ होती. सेक्रेटरी ऑफिसातून आले, गाडी लावली, मफलर गुंडाळत भिंतीतल्या दाराकडे निघाले. त्या दिवसापर्यंत ते येता-जाता बाईंना नमस्कार करायचे, बोलायचे नाहीत. बाई अंजिराखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"अरे," त्यांनी हाक मारली. "पाठ टेक."

"काय?"

"भिंतीला टेक पाठ. घाई काय आहे?"

मोठ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून टेकतात तसे ते टेकले. हातातली बॅग तशीच. मग बॅग खाली ठेवली. मग दोन्ही तळहात मागं नेऊन विटांवर पसरले. मी खोलीच्या दारात उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. आधी नवल, मग काहीतरी दुसरंच.

"हे कायम असं असतं?" त्यांनी विचारलं.

"थंडीत रोज."

"आमच्या बाजूनं तर गारठा असतो नुसता." त्यांनी गळ्यातला मफलर सैल केला. "आई थंडीनं काकडायची हो बाई. खिडकीत बसून समोर ह्याच भिंतीकडे बघत असायची दिवसभर. दोन-दोन रजया घेऊन." त्यांनी वळून विटांकडे बघितलं. "पलीकडे हे होतं?"

बाई उठल्या. त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांचं मनगट धरलं, पण घड्याळाकडे बघितलं नाही.

"होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी तिला एकदाही ये म्हणाले नाही. भिंतीची ओल रोज बघितली, तिची नाही बघितली. चुकलंच माझं."

बाईंना 'चुकलं' म्हणताना मी तेवढं एकदाच ऐकलं. सेक्रेटरी रडत होते, आणि बाई त्यांचं मनगट सोडत नव्हत्या. पलीकडे गल्लीत पोरांचा खेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर सेक्रेटरी भिंतीतल्या दारातून आत आले. एका हातानं त्यांनी दशरथकाकांच्या बायकोला धरलं होतं, तिचे गुडघे दुखायचे. मागून गल्लीतल्या आणखी दोन म्हाताऱ्या, शाली पांघरलेल्या, पायरी कुठं आहे ते चाचपत. तिघीही त्या गल्लीत उभं आयुष्य राहिलेल्या, आणि मोठा वळसा झेपत नाही म्हणून आरतीलासुद्धा भिंतीच्या अलीकडे कधी न आलेल्या. आत येऊन त्या बुजल्यासारख्या उभ्या राहिल्या. दशरथकाकांच्या बायकोनं आकाशाकडे बघून विचारलं, "ऊन तर गेलं ना हो. उशीर झाला का आम्हाला?"

बाईंनी भिंतीच्या कडेनं सतरंजी अंथरली.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "बसा. अजून ऊन आहे हिच्यात."